गाव खोटं, घाम खरा

...आणि वर बायको म्हणते, "दिवसभर कम्प्युटरवर गाव-गाव खेळता, दमता कशाने?" आता काय सांगायचं हिला! तुम्हीच ऐका. आमच्या चाचणी प्रयोगशाळेत एक पेटी आली, हुशार ट्रान्सफॉर्मर. विजेचा दाब कुठे कमी पडतोय ते ओळखून आपला आपण सावरणारा. पण खऱ्या गावाला जोडण्याआधी त्याची परीक्षा घ्यायची, म्हणून आम्ही कम्प्युटरमध्ये अख्खं गाव उभं केलं... चारशे घरं, गिरणी, दवाखाना! तारा मात्र खऱ्या, करंट खरा, पेटीला वाटतं आपण गावातच आहोत. गाव खोटं, पण घाम खरा!

घाम का? तर गावात संध्याकाळ केली (आमच्याकडे ती सकाळी अकराला होते, बटणावर), घरोघरी दिवे लागले, की पेटीने दाब वाढवायचा. ही बया कमी करायची! दवाखान्यासकट गाव अंधारात! तीन आठवडे, रोज! आणि मी काय केलं? तपासलं? छे हो! मी पत्र लिहिलं. साहेबांपासून स्टोअरवाल्यापर्यंत सगळ्यांना. "पेटीची अक्कल सदोष, परत पाठवावी." ज्या बाईंनी चार वर्षं खपून ती बनवली होती त्या धावत आल्या, पडलेल्या आवाजात म्हणाल्या, "एकदा जोडणी बघू या का?" तर मी... हसू नका... मी म्हणालो, "बाई, जोडणी मी स्वतः केलीय." काय तो थाट!

सोमवारी पेटी परत जाणार. शुक्रवारी माझा विसरलेला डबा घेऊन सासरे आले. चाळीस वर्षं खांबावर चढलेला लाइनमन माणूस. म्हटलं, बघू दे जावयाचा रुबाब! केली संध्याकाळ. गेलं गाव!

"अरेरे, दवाखान्यात कुणी असेल हो!"

"मामा, गाव खोटं आहे..."

"घाम तर खरा दिसतोय तुमचा," म्हणाले, आणि चष्मा सावरत पेटीमागे वाकले. "जावईबापू, ही करंट मोजायची कडी. हिच्यावरचा बाण गावाकडे हवा ना? हा तर माझ्याकडे बघतोय."

तुम्हाला सांगतो, जमीन दुभंगली तर बरं, असं झालं! कडी फिरवली, संध्याकाळ केली... चारशे घरं लख्ख! पेटी बिचारी समजत होती, गावच आपल्याकडे वीज पाठवतंय, म्हणजे तिथे जास्त झालीय, म्हणून दाब उतरवत होती. ती सरळच होती हो, उलटा मी!

बाईंना फोन लावला. "बाई, चूक माझी." त्या म्हणाल्या, "पहिलं पत्र ज्यांना गेलं, त्या सगळ्यांना हेही लिहा." लिहिलं! स्टोअरवाल्याने तर मोठ्याने वाचलं! गाव खोटं, पण घाम...

असो. पेटी पास झाली, खऱ्या गावात बसलीसुद्धा. बाईंनी परीक्षेच्या यादीत फक्त एक ओळ वाढवली: कडी उलटी बसली तर पेटीने आधी ओरडायचं. कागदावर त्या ओळीचं नाव लांबलचक आहे, पण सगळे म्हणतात 'जावई चाचणी'. आणि नवी पेटी आली की ती मलाच करायला लावतात. का, तर म्हणे, "इतक्या आत्मविश्वासाने उलटी कडी दुसऱ्या कुणाला बसवताच येत नाही!"