इंडियाची गोळी

अश्विन, मघाशी तू विचारलंस ना, "मावशी, पोट बिघडलंय, इंडियाची गोळी आहे का?" चहा होईपर्यंत ऐक.

नागपूरहून इथे अमेरिकेत परत आलो आणि माझ्या नवऱ्याला, सुधीरला, ताप आणि जुलाब सुरू झाले. आमच्या घरी तेव्हाही इंडियाहून आणलेल्या गोळ्यांचा डबा होताच. त्याने अँटिबायोटिकच्या दोन घेतल्या, मग आम्ही क्लिनिकमध्ये गेलो. तो सँपलची डबी घेऊन बाथरूममध्ये गेला आणि नर्सने फॉर्म माझ्या हातात दिला. त्यात विचारलं होतं, अँटिबायोटिक घेतलंय का? मी दाराशी जाऊन विचारलं, "काय लिहू?"

आतून आवाज आला, "नाही लिही गं. दोनच तर घेतल्या. उगाच लेक्चर देतील."

तीन दिवसांनी रिपोर्ट आला, कल्चरमध्ये कुठलाच जंतू उगवला नव्हता. सुधीर खूश. "बघ, अमेरिकेतल्या लॅबचा रिपोर्ट आहे. साधं व्हायरल असणार."

टायफॉइड होता. दहा दिवसांनी आतड्याला भोक पडलं. ऑपरेशन झालं, पण तो उठला नाही.

नंतर डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आधी अँटिबायोटिक घेतलं की जंतू दबतात, लॅबमध्ये उगवत नाहीत. पण इथे तर 'नाही' लिहिलंय." त्यांनी फॉर्म माझ्यापुढे धरला. अक्षर माझंच होतं.

डबा अजून कपाटात आहे, अश्विन. गोळ्याही आहेत. पण आधी सँपल देऊन ये. आणि फॉर्म तुझा तू भर.