न्यायला आलेला मामा

(नगर शहरातलं एक महिलागृह. भरदुपार. रेश्मा खिडकीत उभी आहे, सुकन्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून.)

सुकन्या : खिडकीतनं सर ना, दीदी. बगंल त्यो.

रेश्मा : मध्ये गज आहेत. कोण, तो पांढऱ्या शर्टवाला?

सुकन्या : कल्याण. त्येनंच मला ऊसतोडीच्या फडावरनं आनलं. हाटेलात भाकऱ्या थापायचं काम हाय म्हनला. आयला बी खरं वाटलं. अन् नेऊन टाकलं त्या लॉजवर. चार म्हैनं झालं.

रेश्मा : परवा पोलिसांनी आपल्याला सोडवलं, तेव्हा तर पळाला होता.

सुकन्या : मागल्या जिन्यानं. आज केळी घिऊन आलाय बग.

धनश्री : (दारात येऊन) सुकन्या, तुझे मामा आलेत गं न्यायला. आधार कार्ड आहे, अर्जावर आईचा अंगठा आहे. मी इथली अधिकारी, मला तुझ्याकडून ऐकायचंय. ओळखतेस ना त्यांना?

रेश्मा : मॅडम, तिला गरगरतंय. दोन मिनिटं द्या.

धनश्री : बरं, पाणी पाज तिला. मी त्यांना बसवते.

रेश्मा : अगं, बोलली का नाहीस?

सुकन्या : कशी बोलू? कोपरगावकडं फडावर माजी धाकली बहीन पुष्पी हाय. चौदा वर्साची. ‘तोंड उघडलंस तर तुज्या जागी ती,’ आसं म्हनायचा त्यो. म्या जाते त्येच्यासंगं.

रेश्मा : गेलीस म्हणजे पुष्पीला सोडील?

सुकन्या : मला काय ठावं!

रेश्मा : मला ठाऊक आहे. तीन वर्षांमागं मलाही असंच सोडवलं होतं, तेव्हा असाच एक खोटा चाचा न्यायला आला होता. धाकट्या बहिणीच्या भीतीनं मी हो म्हणाले.

सुकन्या : मंग?

रेश्मा : सहा महिन्यांत तिलाही आणलं. मग कुठं हलवलं, अल्लालाच ठाऊक.

धनश्री : झालं का गं? ते घाई करतायत. एसटी चुकेल म्हणतात.

सुकन्या : मॅडम... माज्या आयला भाऊच न्हाई.

धनश्री : म्हणजे?

सुकन्या : त्येनंच इकलं मला. पन त्येला आत्ता काय बोलू नगा, पाया पडते! आदी कोपरगावला फोन लावा. त्येचं मानूस पोचायच्या आत माज्या बहिनीला उचला तिथनं.

धनश्री : मुकादम कोण तुमचा?

सुकन्या : गहिनीनाथ. आमची खोप कॅनॉलला लागून हाय.

रेश्मा : मॅडम, तो उठला. मोबाईल काढलाय त्यानं.

धनश्री : फाटक लावून घेते. कोपरगावला कळवते, इथल्या पोलिसांनाही बोलावते. दोघी आतच थांबा, कडी घाला.

सुकन्या : दीदी, कडी नीट बसली का गं?

रेश्मा : बसली. हात धर.

सुकन्या : कुनी वरडलं का भायेर?

रेश्मा : ऐकू नकोस. हात धर म्हटलं ना.

सुकन्या : लई येळ झाला. पुष्पीला न्हेली आसंल तर?

धनश्री : उघडा गं, मी आहे. पोलिसांनी त्याला गाडीत घातलं. आणि पुष्पावती सापडली. ती आणि आई, दोघी कोपरगावला पोलीस ठाण्यात आहेत. घे फोन, बोल.

सुकन्या : पुष्पे?... आगं रडू नगं... म्याच हाय.

रेश्मा : मॅडम, माझ्याही बहिणीचं लिहून घ्याल?

धनश्री : घेते की. नाव सांग.

रेश्मा : उझ्मा.

धनश्री : वय?

रेश्मा : नेली तेव्हा पंधरा. आता... आता किती लिहायचं, मॅडम?