उभ्यानं तपासलेला पाय

हसू नका, आधी ऐका. माझ्या पायाच्या शिरा लई फुगल्या, म्हणून शेंद्रा गावाजवळच्या आमच्या कंपनीतला सुपरवायझर मला दवाखान्यात घेऊन गेला. पाय खराब निघाला, तर वॉचमनकी खलास. म्हणून मी सकाळपासून पाय उशीवर ठेवून सूज उतरवली अन् तिथं टेबलावर आडवा झालो.

डॉक्टरीण म्हणाली, "काका, उभं राहा. रक्त माघारी येतंय का, ते उभ्यानंच नीट कळतं."

तिनं सोनोग्राफीचं मशीन पायाला लावून पोटरी दाबून सोडली, तर माघारी येणाऱ्या रक्ताच्या आवाजानं ते किती वेळ घरघरत राहिलं.

"शिरेतल्या झडपा निकामी झाल्यात."

मी भडकलो, "आडवं करून बघा की! आडवा असलो की पाय ठणठणीत असतो."

"मग गेटवर आडवं होऊन राखण करता का?"

"करतो की रातपाळीला!"

सुपरवायझर बाजूलाच उभा होता.