मेमरीवर मठारलेलं तांबं

सपाट ठेव म्हटलेल्या तांब्यावर मी ठोके मारले, हा माझा मूर्खपणा, आणि तोही दोन्ही बाजूंनी. काय सांगू तुम्हाला, तेव्हा मी नुकती आजी झाले होते, पण गुर्मी अशी की नव्या नवरीनं लाजावं. माहेर माझं कळवणचं, तिकडं तांबं पाहिलं ते पाण्याच्या हंड्याएवढंच; सासर नाशकातल्या तांबटांचं. मालकांचा उजवा हात अधू झाला तशी हातोडी मी उचलली आणि बाई अशी डोक्यावर चढले, की कुणाच्या घरी पाणी दिलं तरी आधी तांब्या उलटा करून बघायची, हा काय मठारलाय, म्हणायची. मठारणं म्हणजे हातोडीचे बारीक ठोके, एकाला एक लागून, त्यानं भांडं घट्ट होतं, चमकतं.

शेजारची हमीदा माझी मैत्रीण. काचबिंदूनं तिची नजर कडेकडेनं विझत आलेली, डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येत नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही. तिचे मालक वारून बरीच वर्षं झालेली. एका निकाहच्या टेपमध्ये तेवढे ते चालताना होते, पाहुण्यांना पाणी देताना, पण टेप लय धुरकट, हमीदाला नुसत्या सावल्या दिसायच्या. नजर आहे तोवर त्यांना एकदा नीट बघायचं, बाकी काही मागणं नव्हतं बाईचं.

तिची लेक सायमा गंगापूर रोडला लग्नाच्या व्हिडिओंचं काम करायची. ती म्हणाली, मावशी, चित्र साफ करणारा प्रोग्रॅम आहे, पण माझ्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जुनं, त्याला ओव्हरक्लॉक करावं लागेल, म्हणजे आहे त्याहून जोरात पळवायचं, मग त्याच्या मेमरीच्या चिपा तापतात, त्यांच्यावर हीटसिंक म्हणजे तांब्याचे तुकडे चिकटवायचे, तांबं उष्णता ओढून घेतं, तू नखाएवढे तुकडे कापून दे, फक्त खालची बाजू आरशासारखी सपाट ठेव. हो म्हटलं. कापले, आणि ते सपाट तुकडे बघून मला कसंतरीच व्हायला लागलं, सपाट तांबं म्हणजे आमच्यात अर्धवट काम. म्हटलं, पोरीला काय कळतंय, आणि दिले ठोके, वरून, खालून, नातीचे डूल करावेत तसे. सायमानं खालून बोट फिरवलं, थबकली, पण मावशीला कसं बोलायचं, म्हणून गोंद जास्त लावून चिकटवले. खोलगट ठोक्यांत गोंदच भरला, तांबं चिपेला धड टेकलंच नाही, आग आतच राहिली, हे नंतर कळलं.

त्या दुपारी हमीदाला पडद्याला नाक लावून बसवलं. चित्र साफ होत होत पुढं सरकत होतं. तिचे मालक पाण्याचा जग घेऊन आले, पाठमोरे, आधी खांदा दिसला, मग सदरा. हमीदा म्हणाली, हा मीच शिवलेला. ते वळायला लागले, आणि चेहऱ्यावर हिरवे-गुलाबी चौकोन पडले, गालावर, मग डोळ्यांवर, समोरचा माणूस कुणी टाका टाका करत उसवावा तसं, आणि पडदा काळा. हमीदा त्या काळ्या पडद्याकडं बघत म्हणाली, आता कुठं गेले?

सायमा एक तुकडा उपटायला गेली तर चिपच निघून आली. दुसरं कार्ड मिळेपर्यंत दिवाळी उलटली, आणि हमीदाची उरलीसुरली नजरही गेली.

नातवंडं विचारतात, आजी, मठारताना डोळे का मिटतेस. मी म्हणते, तुमच्या आजोबांसारखी बसल्या बसल्या झोपते रे. तसं नाय. चमक आली की ठोक्याठोक्यांत मला तो चेहरा दिसतो, तसाच, चौकोनांचा, अजून वळत असलेला.

व्हिडिओ पुढं झाला साफ. सायमानं लावला, हमीदा समोर बसली, तिच्याजवळ मी. म्हटलं, आपण बिघडवलं, आपणच सांगावं, म्हणून सांगायला लागले, नाक असं, दाढी अशी. हमीदानं चाचपत माझं मनगट धरलं आणि म्हणाली, चेहरा मला पाठ आहे गं. ते चालतात कसे, तेवढं सांग.