ताईंच्या स्किटमधलं बाळ

तुम्ही हसाल, पण टीव्हीवरच्या एका गाजलेल्या स्किटमधला डायलॉग माझा आहे. मी लिहिला नाही हं, मला नुसती काळजी वाटलेली.

आमच्या कोपरीच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर कल्पनाताई राहतात. टीव्हीवर कॉमेडी करतात, आणि लिहितातही स्वतःच. त्या आठवड्यात त्यांचं स्किट दोनदा परत आलेलं. हसू येत नाही म्हणे, आणि शूटिंग दुसऱ्या दिवशी! मी माझ्या तान्ह्या बाळाला मांडीवर थोपटत होते, तोंड पाडून त्या माझ्याकडे आल्या आणि वाचून दाखवायला लागल्या. एक बाई बाळाला पाळण्यात ठेवते. मग नवरा येतो, सासू येते, जोरदार भांडण होतं. मी काही हसेना.

"अगं, आवडलं नाही का?"

"ताई, पण बाळ कुठंय?"

"पाळण्यात."

"एवढ्या आरडाओरड्यात? उठलं नाही? दूध कोणी पाजलं त्याला?"

ताईंनी कागद उलटेपालटे केले. "अगं बाई, मी विसरलेच त्याला!"

तिथंच बसून त्यांनी स्किटमध्ये एक शेजारीण घातली. भांडण रंगलं की ती दारातून डोकावते, "ते राहू दे, पण बाळ कुठंय?" लोक असे हसले, की आता भाजीवालासुद्धा मला तेच विचारतो.

परवा ताई म्हणाल्या, "पुढच्या वेळी शेजारीण तूच कर."

मला एवढा आनंद झाला! लगेच हो म्हटलं. मग मांडीवरच्या माझ्या बाळाकडे लक्ष गेलं.

"ताई, पण बाळ कुठं ठेवू?"

उत्तर द्यायच्या आधी ताईंनी पेन शोधलं.