मैदानावरची चारा छावणी

पाटोद्याच्या रस्त्याला आता दूध सोसायटीचं गोदाम आहे ना, तिथं आमच्या गावचं फुटबॉलचं मैदान होतं. दुष्काळात सोसायटीने तिथं चारा छावणी घातली. माझा दीर गावच्या टीमचा गोलकीपर. गोलपोस्टाला बांधलेली आमची म्हैस बघून म्हणायचा, "वहिनी, ही माझ्यापेक्षा बरी हाय, जागा सोडत न्हाई."

पाऊस पडला, जनावरं घरी आली. सभेत चेअरमन म्हणाले, "पुढच्या दुष्काळासाठी तिथं चाऱ्याचं गोदाम बांधू. ज्यांना मैदानच पाहिजे असंल, त्यांनी हात वर करा."

दर मॅचला ओरडून घसा बसवणारं सगळं गाव समोर होतं. पण सगळ्यांची जनावरं त्या छावणीनंच जगवली होती. एकट्या दिराचा हात वर झाला.

घरी येताना तो एवढंच म्हणाला, "गोल झाला की लई हात वर व्हायचे, वहिनी."