बर्फाचं जाकीट

उन्हात मोटारसायकल चालवताना घालायचं ते गारव्याचं जाकीट तुम्ही जरूर घ्या, फक्त ते घालून झोपू नका. त्यात बर्फाच्या पिशव्या असतात, अगदी छातीपाठीला चिकटून. मे महिन्यात दुपारी जेवून मी रत्नागिरीहून पावसला निघालो होतो. वाटेत एका बागेत आंब्याच्या कलमाखाली गाडी लावली, चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाला टेकलो आणि त्या गारव्यात डोळा लागला.

जाग आली ती ओठांवर पाणी पडल्यामुळे. तोंडात तुळशीचं पान होतं. बागेतल्या एक काकू हातात तांब्या घेऊन माझ्यावर वाकल्या होत्या आणि माझाच फोन त्यांच्या कानाला होता. पोचलात का, हे विचारायला बायकोने केला होता.

"ताई, धीर धरा," काकू सांगत होत्या. "कधीची हाका मारतेय, उठत नाहीत ओ. छातीला हात लावून बघितला, तर नुसता बर्फ. तुळस घातलीय मी तोंडात."

मी उठून बसलो. काकूंच्या हातातला तांब्या पडला. मी फोन घेतला.

"अगं, मी बोलतोय."

पलीकडून बायकोने हळूच विचारलं, "कुठून?"